मोठ्या आईची नागीण

त्या मंगळवारी गुंजन पुलगावहून कॉलेज आटोपून सायकलने नाचणगावला आली, तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांच्या दुकानातले ठिबकचे पाईप एरवी भेंडोळी करून छतापर्यंत रचलेले असायचे. आज ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले होते. दारापासून गोठ्यापर्यंत एक काळी रेघ, गोठ्यापासून दारापर्यंत दुसरी, आणि पाईप जिथे वळत होता तिथे दोन्हीकडून विटा दाबून त्याचा काटकोन केलेला. मधोमध तिचे बाबा, प्रभाकरराव, घामाघूम उभे. एक गिऱ्हाईक पाईपला अडखळून पडता पडता वाचलं होतं आणि त्याच्याशी त्यांची हुज्जत चालली होती.

गुंजनने विचारलं, दुकान मोडीत काढलं काय? बाबांनी नुसतं घराकडे बोट दाखवलं.

घरात आईने खालच्या आवाजात सांगितलं. मोठ्या आईला नागीण निघाली. उजव्या कुशीवर, पाठीकडून पोटाकडे, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा. कालपासून. आणि गुंजनला कोणी सांगितलं नव्हतं, कारण गुंजनचं तोंड.

आता या तोंडाविषयी थोडं सांगायला हवं. दहावीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात 'यस मॅडम' म्हणायची. अकरावीत एकदा केमिस्ट्रीच्या मॅडमनी तिला फळ्याकडे ढकललं, ती थरथरत बोलली, आणि वर्गाने चक्क ऐकून घेतलं. बस. तेव्हापासून जो नळ सुटला तो सुटलाच. घरात कोणी शिंकलं तरी गुंजन त्याचं कारण सांगायची.

मोठी आई म्हणजे शकुंतलाबाई, बाबांची मोठी वहिनी. मोठे बाबा गेल्यापासून घर आणि दुकान दोन्ही तिच्या शब्दावर चालायचं. गुंजनच्या दहावीनंतर बाबांनी आर्ट्सचं नाव काढलं होतं, तेव्हा मोठ्या आईने तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हटलं, "पोट्टीले सायन्स पायजे तर सायन्स," आणि विषय तिथेच मिटला होता. त्यामुळे जगात कोणासाठी जीव टाकायचा झालाच, तर गुंजनच्या यादीत मोठी आई पहिली होती.

नागीण कमरेभोवती वेढा घालते आणि तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस गेला, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण या घराची रीत त्याहून एक पाऊल पुढे होती. मोठ्या आईच्या सासूने घालून दिलेली. घरात कोणाला नागीण निघाली की ती उतरेपर्यंत घरात वेढा म्हणून ठेवायचा नाही. विहिरीचा दोर लांब सोडायचा, केसांचा अंबाडा घालायचा नाही, चकली-जिलेबीचं नाव काढायचं नाही. बाहेरचा वेढा पाहून आतला वेढा शिकतो म्हणे. आणि ज्यांच्या घरी दोर आणि पाईप विकायचाच धंदा, त्यांनी काय करायचं? बाबांनी काय केलं ते अंगणात दिसतच होतं. विटा लावून.

गावात नागीण उतरवणाऱ्या रूपरावांनी सकाळी येऊन गेरू लावला होता. फोडांच्या दोन्ही टोकांना जाड आडव्या रेघा, नागिणीची वाट अडवायला. आणि गेरू असेपर्यंत दुसरं औषध नाही, असं घरात ठरलं होतं.

हे सगळं ऐकून गुंजनला काय वाटलं असेल? आनंद झाला. खरं सांगायचं तर उडीच मारावीशी वाटली. कारण महिनाभर ती कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ज्या विषयात बुडाली होती, तो विषयच हा होता. विषाणूंवरच्या औषधांमधली हेटरोसायक्लिक संयुगं. आणि तिने उदाहरण म्हणून निवडलेलं औषध, असायक्लोव्हिर, नागिणीवरच देतात. फक्त फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू करायला हवं. उशीर झाला तर फोड जातात, पण नसेतलं दुखणं मागे राहू शकतं, कधीकधी महिनोन्‌महिने. आज तर दुसराच दिवस. गुंजनला वाटलं, देवाने आपल्यालाच नेमून पाठवलंय.

ती कपाटावरून मॉडेल काढून थेट मोठ्या आईच्या खाटेशी गेली. पोळ्याचे मातीचे बैल करून उरलेल्या चिकणमातीच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या, यांचं ते मॉडेल. कार्बन काळे, नायट्रोजन निळे, ऑक्सिजन लाल. मोठी आई डाव्या कुशीवर पडली होती. पदराचं टोक जरी लागलं तरी चटका बसल्यासारखा तिचा चेहरा आक्रसायचा.

गुंजन सुरू झाली. कार्बनचे अणू हात धरून गोल उभे राहिले की रिंग होते. त्या रिंगमध्ये नायट्रोजन किंवा ऑक्सिजनसारखा एखादा परका घुसून बसला की ती हेटरोसायक्लिक. आपल्या पेशींचा नकाशा ज्या विटांनी लिहिलेला असतो त्यांत अशाच रिंगा असतात, म्हणून तसल्याच रिंगचं औषध केलं की विषाणू फसतो. आणि मग तिने, वर्गात टाळ्या मिळवणाऱ्या त्याच आवाजात, शेवटचं वाक्य टाकलं.

"मोठी आई, या गोळीची सारी ताकद रिंगमध्येच आहे."

मोठ्या आईने मॉडेलकडे पाहिलं. एक गोल, त्याला चिकटलेला दुसरा गोल, त्यापुढे तिसरा. मग तिने डोळे मिटले.

"माह्या कमरेले एक वेढा पडून राह्यला," ती म्हणाली, "न तू मले पोटात आणखी तीन टाकाले सांगतं?"

झालं. त्या एका वाक्याने गुंजनची महिनाभराची तयारी चुलीत गेली. वर दुसऱ्या मिनिटाला बाबा दारात हजर, आणि हे गोल गोल काय करून घरात आणलंस, कधी केलंस, परवाच ना, असा हिशेब सुरू. मॉडेल खरोखरच रविवारी पूर्ण झालं होतं आणि फोड सोमवारी आले होते. गुंजनने सांगून पाहिलं की आधी आणि नंतर म्हणजे कारण आणि परिणाम नव्हे. बाबा म्हणाले, "शिकवू नको मले." आईने मधे पडून मॉडेल फोडू दिलं नाही, एवढंच. ते न्हाणीघराच्या माळ्यावर, टोपल्याखाली गेलं.

बुधवार नुसता डोकेफोडीत गेला. गुंजनने मोबाईलवर डॉक्टरांचा व्हिडिओ लावला. मोठी आई म्हणाली, मोबाईलवर तर माणूस चंद्रावर शेतीबी करते. पुलगावच्या डॉक्टरांना घरी बोलावू म्हटलं; बाबा म्हणाले, रूपरावांचा गेरू पुसला जाईल. आईला बाजूला घेऊन विनवलं. आई म्हणाली, मी सून आहे या घरातली, मी काय बोलू. गुंजनला पहिल्यांदा कळलं की बोलता येणं आणि ऐकलं जाणं यांच्यात वर्धा नदीएवढं अंतर असतं. वर्गात तिचं बोलणं चालायचं कारण तिथे कोणाचं काही दुखत नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या आईच्या पोटाकडे नवे फोड दिसले. पट्टा बोटभर पुढे सरकला होता. बाबांनी घाईघाईने दुकानातले सुतळीचे गुंडेसुद्धा सोडायला घेतले.

आता मात्र गुंजनचं डोकं फिरलं. तिने सायकल काढली आणि रूपरावांच्या घरी गेली, भांडायलाच. रस्ताभर वाक्यं तयार केली, एकापेक्षा एक झणझणीत. तुम्ही माझ्या मोठ्या आईला मारायला बसलात, इथपासून सुरुवात होती.

रूपराव ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी तिला बसायला पाट दिला, शेंगा दिल्या, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कधी म्हटलं गोळी घेऊ नका म्हून?"

गुंजनच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. गेरू लावायचा, वांगं खायचं नाही, एवढं त्यांचं सांगणं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हिंगणघाटला नागीण निघाली होती तेव्हा तिने आधी दवाखाना गाठला होता, आणि त्यांनीच तिला जायला सांगितलं होतं. गेरूवर औषध चालत नाही, ही अट त्या घरची. त्यांची नव्हे.

"आबाजी, मंग तुमी एकडाव येऊन तेवढं सांगा ना."

रूपरावांनी सुपातली टरफलं फुंकली.

"मी कसा सांगू वो बाई," ते म्हणाले. "मीच दवाखान्यात पाठोतो म्हटलं, तर उद्या माह्याकडे येईन कोण? आन शकुंतलाबाईनं मले इचारलं असतं, तर सांगतलं असतं. न इचारता सांगाचं कसं?"

वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस वाईट नव्हता, त्याने तिच्या ओटीत मूठभर शेंगाही टाकल्या, आणि तरीही तो येणार नव्हता म्हणजे नव्हता. परतताना तिला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं, आणि संताप तरी कोणावर करायचा हेसुद्धा ठरत नव्हतं. घरी जाऊन तिने रूपरावांचं म्हणणं सांगितलं. बाबा म्हणाले, तू त्यांच्याकडून भांडून वदवून घेतलं असशील.

गुरुवारी सकाळी, कॉलेजला निघण्याआधीच, मॅडमनी मोबाईलवर मॉडेलचा फोटो मागितला. गुंजनने टोपल्याखालून मॉडेल काढलं, फोटो पाठवला आणि कॉलेजात गेल्यावर तो सहज, मॅडमनी दिलेल्या आकृतीशी ताडून पाहिला. आणि थिजली.

मॉडेल चुकलं होतं.

जोडून असलेल्या पहिल्या दोन रिंगा बरोबर होत्या, निळे नायट्रोजनही जागच्या जागी. पण तिसरी, साखरेची रिंग, जिच्यात लाल ऑक्सिजन बसतो, ती औषधात नव्हतीच. औषधात ती उघडी होती. दोन काळ्या गोळ्या कमी आणि रिंगच्या जागी नुसती लोंबती शेपटी. गुंजनने औषध म्हणून जे बनवलं होतं ते औषध नव्हतंच, ती आपल्या शरीरातली अस्सल वीट होती. महिनाभर ती आकृती तिच्या डोळ्यांसमोर होती. डोळ्यांना बंद रिंगची सवय, म्हणून हातांनी आपोआप बंद करून टाकली. आणि त्याच तोऱ्यात तीन रिंगा मोठ्या आईच्या तोंडासमोर नाचवल्या.

तिने स्वतःला मनातल्या मनात दोन थोबाडीत दिल्या. शेवटचे दोन तास बुडवले आणि सायकल घराकडे हाणली.

मोठी आई उठून बसली होती, भिंतीला न टेकता, कारण टेकवत नव्हतं. गुंजन या वेळी उभी राहून बोलली नाही. खाली बसली. आधी म्हणाली, मी चुकीचं बनवलं होतं. मोठ्या आईने भुवया उचलल्या. या पोरीच्या तोंडून हे वाक्य वर्षभरात कोणी ऐकलं नव्हतं. मग गुंजनने सांगितलं की विषाणू स्वतःच्या नकला काढतो म्हणजे मण्यांची पोत ओवतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. प्रत्येक मण्याला पुढचा मणी अडकवायला एक आकडा असतो, तो या तिसऱ्या रिंगवर. औषध म्हणजे तसाच दिसणारा खोटा मणी, पण त्याची ही रिंग उघडी, आकडाच नाही. विषाणू फसून तो ओवतो आणि पोत तिथेच तुटते. बोलता बोलता तिने दोन काळ्या गोळ्या उपटून बाजूला ठेवल्या.

मोठ्या आईने उरलेल्या शेपटीकडे बोट केलं. "म्हंजे हे तोंड उघडंच राह्यते?"

"कधीच जुळत नाही."

"आन हे दोन वेढे?"

गुंजनच्या तळव्याखाली त्या दोन रिंगा अर्ध्याअधिक झाकल्या गेल्या होत्या. हात तसाच राहू दिला असता तर काम झालं असतं. खरंच झालं असतं. तिच्या मनात ते येऊन गेलं, आणि ते येऊन गेलं याचाच तिला राग आला. तिने हात काढला.

"हे बंद आहेत. त्यांच्याशिवाय विषाणू फसत नाही. खरं सांगू का मोठी आई, तिथं नागीण नाहीच आहे. तुला लहानपणी कांजण्या आल्या होत्या, त्याच आहेत या. बऱ्या झाल्या तेव्हा गेल्या नाहीत. पाठीच्या कण्याजवळ नसेत लपून बसल्या. आता वर आल्या. तू घरातले सगळे पाईप सरळ कर, मी पण करते तुझ्यासोबत. पण आज चौथा दिवस आहे. मले अजून कसं सांगायचं ते समजून नाई राह्यलं."

शेवटच्या वाक्याला तिचा वर्गातला आवाज पार फुटला आणि घरचा बाहेर पडला.

मोठ्या आईने उपटलेल्या दोन गोळ्या बोटाने हलवून पाहिल्या. मग म्हणाली, "आल्या होत्या कांजण्या. लेकराएवढी होती मी. मायनं कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं." ती स्वतःच्या कुशीकडे पाहत राहिली, एखादा पाहुणा फार दिवस मुक्कामी आहे असं आत्ता कळल्यासारखी. "एवढे वर्सं माह्याच अंगात बसून व्हती? न मी तिले जेवू घालून राह्यली?"

"हो."

"फुकटखाऊ," मोठी आई म्हणाली. आणि मग दाराकडे तोंड करून, "भाऊजी, ऑटो बोलवा."

बाबांनी गेरूचं काय म्हणून विचारलं. तिने पायात चप्पल घातली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुलगावच्या दवाखान्यात नर्सबाईने गेरू ओल्या कापसाने पुसला, डॉक्टरांनी पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, फोड कधी आले? सोमवारी, ऐकल्यावर त्यांनी पेन थांबवून गुंजनच्या बाबांकडे पाहिलं. म्हणाले, उशीर झाला. नवे फोड अजून निघताहेत म्हणून गोळ्या देतो, फायदा होईल, पण आधी आणलं असतं तर जास्त झाला असता. गोळ्या दिवसातून पाच वेळा. बाबा खाली मान घालून उभे राहिले. गुंजनला वाटलं होतं, बाबांना असं पाहून आपल्याला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात फोड सुकले, खपल्या पडल्या. वेढा काही पूर्ण झाला नाही. बाबांनी रूपरावांना नारळ आणि टोपी दिली. आळीभर बातमी फिरली की रूपरावांच्या हाताला अजून गुण आहे. गुंजन प्रत्येकाला गोळीचं सांगायची आणि प्रत्येक जण म्हणायचा, हो, गोळीही घेतली ना, चांगलंच झालं. त्या 'ही'ने तिचा जीव जळायचा.

प्रदर्शनात तिचं मॉडेल दुरुस्त होऊन गेलं. परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी लोंबत्या शेपटीला बोट लावून म्हटलं, आणताना तुटलं वाटतं बेटा, फेव्हिकॉल लावायचं होतं. गुंजनने समजावलं, पाच मिनिटं, अगदी मन लावून. सरांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून ठिबक सिंचनाच्या टेबलाकडे गेले. पहिला नंबर ठिबक सिंचनाला गेला.

आणि मोठ्या आईची कूस दुखतच राहिली. कातडी कोरी, वर काही नाही, आणि आत मात्र कोणी निखारा ठेवल्यासारखं. साडीचा काठ लागला की ती अजूनही दात आवळायची. डॉक्टरांनी त्यावर दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि वेळ लागेल म्हणाले. गुंजन रोज विचारायची, आज कसं? मोठी आई रोज म्हणायची, कालच्यापेक्षा बरं. दोघींनाही माहीत होतं की ते खरं नाही. तीन दिवसांत गाठलं असतं तर हे टळलं असतं का, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं, आणि गुंजनला सगळ्यात जास्त तेच डाचायचं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी शेजारच्या लीलाबाई आल्या. एका हाताने दुसरा खांदा सावरत, ब्लाउजची बाही सैल सोडलेली. त्या सरळ मोठ्या आईपाशी बसल्या, कारण आता नागिणीच्या बाबतीत आळीत मोठ्या आईचा शब्द मोठा झाला होता. म्हणाल्या, रूपरावांकडेच निघाली होती, म्हटलं तुले विचारून जावं.

गुंजन आतल्या खोलीत अभ्यास करत होती. पेन तिथेच टाकून ती दारात आली. तोंड उघडलं. मोठ्या आईने न पाहताच हात वर केला, थांब.

"रूपरावकडे जाजो," मोठी आई लीलाबाईंना म्हणाली. "गेरू लावजो. मन राह्यते. पण आधी दवाखाना. गेरू लावला की डाक्टरले काही दिसत नाई, न मंग पोट्ट्यायले रडा लागते."

लीलाबाईंनी विचारलं, दोन्ही चालतं काय? मोठ्या आईने सांगितलं की गोळी खोटी असते, नागिणीला वाटतं आपलीच बहीण आली, ती तिला गळ्यात घालते आणि फसते. यात विज्ञान शोधायला दुर्बीण लागली असती. विषाणूचं नाव नाही, रिंगचा पत्ता नाही, नायट्रोजन तर गावातच नाही. गुंजनने दाराची चौकट घट्ट धरली. दुरुस्त करण्यासारख्या निदान सहा चुका होत्या आणि सगळ्या तिच्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या.

तिने त्या गिळल्या. आयुष्यात गिळलेलं सगळ्यात कडू औषध ते.

"काकू," ती म्हणाली, "फोड कधीपासून आहेत?"

"काल संध्याकाळपासून वो."

काल. गुंजन चप्पल शोधायलाही थांबली नाही. आईची घातली, बाबांना दुकानात ओरडून ऑटो सांगितला आणि लीलाबाईंचा बरा हात धरून त्यांना उठवायला लागली.